पाच वर्षं, एक कलम

मैत्रीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे हातात घेऊन बसायला जागा शोधत होते. मैत्री ही आमचे शेजारी सुगतदादा यांची मुलगी. इथे जर्मनीतच जन्मली, वाढली. मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मनमध्ये. तिने जर्मनमध्ये सांगितलं की बाबा गेले, सकाळी, झोपेतच. आई चहाला उठवायला गेली तेव्हा कळलं. मी मराठीत विचारलं, वहिनी कशा आहेत, जवळ कोण आहे. तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं. आमचं बोलणं नेहमीच असं दोन भाषांत चालतं आणि त्यात कधी काही अडलं नाही. त्या दिवशी मात्र फोन ठेवल्यावर वाटत राहिलं की मला नीट समजलंच नसेल... मी ट्रे तसाच परत ठेवला आणि घरी निघाले.

संध्याकाळपर्यंत मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ‘जर्मनीतले आपले पहिले मराठी नगरसेवक’ असं कुणीतरी लिहिलं. ते पहिले होते की नाही, मला माहीत नाही. दादांना विचारलं असतं तर त्यांनी आधी पुरावा मागितला असता. मग श्रद्धांजलीचा पूर ओसरल्यावर कोलोनच्या एका गृहस्थांनी लिहिलं, ‘माणूस सज्जन, यात वाद नाही. पण पाच वर्षं निवडून गेले होते, आपल्या लोकांसाठी केलं काय?’ मला संताप आला. उत्तर लिहायला बसले, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. सांगायचं होतं ते एका मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. म्हणून आता, काही आठवडे उलटल्यावर, जरा शांतपणे इथे लिहिते आहे.

आमचं गाव कायझर्सलाउटर्नपासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. नाव लिहीत नाही. इथल्या लोकांना आपलं नाव कुठे छापून आलेलं खपत नाही, आणि मला पुढेही याच लोकांच्यात राहायचं आहे. चहूबाजूंनी जंगल, मधे एक चर्च, दोन बेकऱ्या, आणि शहरातलं भाडं परवडत नाही म्हणून इथे येऊन राहिलेली आमच्यासारखी काही मंडळी. डॉक्टर सुगत रामटेके आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळ भंडाऱ्याकडचे. एका संशोधन संस्थेत धातू कसे झिजतात यावर काम करायचे. “दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की कोण आधी झिजते, एवढंच पाहून राहिलो इतक्या वर्षांपासून,” असं ते आपल्या नोकरीचं वर्णन करत. वडील तहसील कचेरीत होते. घर बौद्ध, आणि घरात कायद्याचं फार वेड. जेवताना कुठल्यातरी कलमावरून वाद व्हायचे आणि जो हरेल त्याने भांडी घासायची, असं दादा सांगत. खरं असावं, कारण भांडी ते अतिशय सुरेख घासायचे.

मी पुण्याची, सॉफ्टवेअर तपासणं हा माझा धंदा, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे मला पैसे मिळतात. तरी दादांशी मला कधी नीट भांडता आलं नाही. कशावरही आपण तावातावाने बोलायला लागलो की ते शांतपणे विचारायचे, “हे कुठं लिहिलं आहे?” घरमालक सायकल जिन्यात ठेवू देत नाही? हे कुठं लिहिलं आहे? रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेलं की शेजारीण ओरडते? कुठं लिहिलं आहे? बाटल्यांचं खरंच लिहिलेलं निघालं, तेव्हा त्यांनी मला तो नियम अगदी आनंदाने वाचून दाखवला. इतका राग आला होता मला...

ते राजकारणात कसे गेले हे सांगायचं तर आधी वैभवबद्दल सांगावं लागेल. वैभव लातूरचा मुलगा, विद्यापीठात शिकायला आलेला. एका संध्याकाळी फुटबॉल खेळताना मैदानात कोसळला आणि गेला. आईवडिलांकडे पासपोर्टही नव्हते. त्यांनी फोनवर सांगितलं, तुम्हीच सगळं करा, आम्ही इथून बघतो, अस्थी तेवढ्या पाठवा. मुलं घाबरून गेली होती. ती दादांकडे आली, कारण आसपासच्या मराठी लोकांत दादाच वयाने मोठे. आमच्या गावच्या दफनभूमीत एक छोटा हॉल आहे. पेटी तिथे ठेवतात, लोक निरोप घेतात, आणि मग गाडी ती दुसऱ्या शहरातल्या विद्युतदाहिनीकडे नेते. हॉल अर्ध्या तासासाठी मिळतो. मुलांनी अकरा ते साडेअकराची वेळ घेतली आणि सगळ्यांना कळवलं, ‘अकरा वाजता’.

आता आपल्याकडे अकरा वाजता म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. अकरापासून माणसं जमायला लागतात. मयताच्या घरी पोचल्यावर पहिली चौकशी हीच, की अजून कुणी यायचंय का. कुणीतरी यायचं असतंच. मुंबईहून निघालेला भाऊ असतो, लेकीची गाडी घाटात असते. तोवर लोक अंगणात बसून राहतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात, कुणीतरी चहा फिरवतं, आणि उशीर झाला म्हणून कुणी कुणाला बोलत नाही. ते थांबणं हाच अर्धा विधी असतो. इथे अकरा म्हणजे अकरा. फ्रँकफर्टची मुलं सव्वाअकराला पोचली. वैभवचा चुलतभाऊ सचिन कोलोनहून निघाला होता. या अख्ख्या देशात वैभवच्या रक्ताचं तेवढं एकच माणूस, आणि त्याची गाडी मधेच एका स्टेशनावर अडकून पडली होती. लातूरहून आई मोबाईलच्या पडद्यावर होती आणि सारखं एकच विचारत होती, सचिन आला का. साडेअकराला काळ्या कोटातला एक माणूस आत आला, मान लववून हळू आवाजात म्हणाला, वेळ झाली. बाहेर पुढचं कुटुंब फुलं घेऊन उभं होतं. त्यांचंही माणूस गेलं होतं, त्यांचाही हक्क होता. पेटी मागच्या दाराने गाडीत गेली. थोड्याच वेळात पाठीवर सॅक घेऊन सचिन धावत आला. मोबाईल अजून चालूच होता. आईने त्याला बघितलं आणि एवढंच म्हणाली, “थांबले नाहीत का रे तुझ्यासाठी?”

त्या काळ्या कोटवाल्याची काही चूक नव्हती, हे मी आजही म्हणेन. चूक असलीच तर आमच्या ‘अकरा वाजता’ची होती. पण त्या बाईला हे कोण समजावणार? संध्याकाळी दादा खाली आले आणि म्हणाले, “लिहिलं आहे. दफनभूमीच्या उपविधीत लिहिलं आहे, अर्धा तास. आणि उपविधी नगर परिषद बदलू शकते.” मी म्हटलं, “मग त्यांना पत्र लिहा.” ते म्हणाले, “पत्र लिहून कोणी कायदा बदलते का बा?”

जर्मन नागरिकत्व त्यांनी आधीच घेतलं होतं. भारताचा पासपोर्ट परत केला त्या दिवशी ते घरात कुणाशी बोलले नव्हते, असं वहिनी सांगतात. गावातल्या लोकांचा एक छोटा गट निवडणूक लढवायचा. त्यांनी दादांना यादीत अगदी शेवटी टाकलं, यादी भरायची म्हणून. पण इथे मतदाराला आवडत्या उमेदवारापुढे तीन फुल्या मारता येतात. दादा ज्या टेबल टेनिस क्लबात वर्षानुवर्षं हरत होते, तिथल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या मंडळींनी शेवटच्या नावापुढे तीन-तीन फुल्या मारल्या आणि दादा निवडून आले. फ्रँकफर्टला मंडळाने सत्कार केला. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं साग्रसंगीत. फेट्यात दादा इतके अवघडलेले दिसत होते की मी फोटो काढायचंच विसरले.

मग रविवारी सकाळी त्यांच्याकडे लोक येऊ लागले. आपल्याकडे नगरसेवक म्हणजे कामं करणारा माणूस. एक फोन टाकला की काम होतं, निदान व्हायला पाहिजे. कुणाचा व्हिसा परदेशी नागरिकांच्या कचेरीत अडकलेला, कुणाला घर मिळत नव्हतं. आमच्या घरातही हेच. माझा नवरा अमोल आमच्या मुलाला किटात, म्हणजे बालवाडीत, जागा मिळावी म्हणून घायकुतीला आला होता. तो वर गेला, मीही मागोमाग.

“दादा, किटाच्या बाईंना फक्त एक फोन. तुमचं नाव ऐकलं की बास.”

“माझं नाव ऐकून त्यांनी जागा दिली, तर मला त्यांचीच तक्रार करावी लागेल ना,” दादा म्हणाले.

“मग निवडून आलात कशाला?”

“नियम करायला. मोडायला निवडून यायची गरज नाही, ते तर कोणीही करते.”

अमोल महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मुलाला जागा रांगेने मिळायची तेव्हाच मिळाली. हळूहळू रविवारची गर्दी आटली. ‘साधा एक फोन करत नाही हो माणूस’ असं मंडळात बोललं जाऊ लागलं, आणि कोलोनच्या गृहस्थांच्या प्रश्नाचं बी तिथे पडलं असावं असं मला वाटतं.

नगर परिषदेचे सभासद म्हणजे इथे बिनपगारी माणसं. दिवसभर नोकरी, संध्याकाळी सभा. सभा सर्वांसाठी खुली असते, म्हणून मी पुष्कळदा जाऊन बसायची; प्रेक्षकांत मी आणि एक आजोबा, जे आपल्या घरचं हीटर वाचवायला येत. पाच वर्षांत त्या सभागृहात कशावर चर्चा झाली? कुत्र्यांवरच्या करावर. रस्त्यावरचे दिवे मध्यरात्रीनंतर विझवावेत का, यावर. बाकांना कुठलं लाकूड वापरावं, यावर तर इतकी की मला वाटलं यापेक्षा उभं राहिलेलं बरं. दादा प्रत्येक कागद वाचून जायचे. कुत्रा दिसला की ते रस्ता ओलांडत, इतकी भीती. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या कुत्र्यांना कर माफ असावा म्हणून ते त्वेषाने बोलले, आणि ते मंजूरही झालं. दुसऱ्या दिवशी एक आजी आपला भलामोठा कुत्रा घेऊन आभार मानायला दारात आल्या. दादा स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाहीत.

दफनभूमीचा ठराव त्यांनी पहिल्याच वर्षी मांडला. इतर धर्मांच्या आणि परदेशी मूळ असलेल्या कुटुंबांना हॉल एक तास मिळावा, असा. मोठ्या गटाचे प्रमुख हेर क्लाइन, निवृत्त सुतार, रुंद खांद्यांचे, उठून उभे राहिले. “आल्झो,” त्यांनी सुरुवात केली. इथे प्रत्येक नकाराची सुरुवात अशी होते. “हेर डॉक्टर रामटेके, मेल्यावर तरी सगळ्यांना सारखं असावं. अर्धा तास तर अर्धा तास. त्यात मी भेद करणार नाही.” मतदान झालं. दादांचा एकट्याचा हात वर. त्यांच्या स्वतःच्या गटानेही हात वर केला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि बाहेर पडल्यावर मी क्लाइनसाहेबांचा मराठीत यथेच्छ उद्धार केला. दादा म्हणाले, “तो बरोबर बोलला ना.”

“कोण, क्लाइन?”

“भेद नाही करायचा म्हणते. गेनाऊ, अगदी बरोबर. भेद तर माझ्याच मसुद्यात होता.”

यानंतर दादांनी जे केलं ते मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. ते गावातल्या अनोळखी लोकांच्या अंत्यविधीला जायला लागले. सुट्टी टाकून. काळा कोट घालून मागच्या रांगेत उभे राहायचे, कुणी विचारलं तर सांगायचे, परिषदेचा सभासद आहे, आदर म्हणून आलोय. “ह्यांना लग्नाचं आमंत्रण नको, मयताचं पाहिजे,” असं शीलावहिनी म्हणायच्या आणि कोटाला ब्रश मारून द्यायच्या. परत आले की दादा सांगत. बेकरीवाल्यांच्या अंत्यविधीला हॅम्बुर्गहून निघालेली नात पोचलीच नाही. एका आजोबांचा भाऊ चाकाच्या खुर्चीतून आला तेव्हा दार बंद झालं होतं. जर्मन लोक याबद्दल बोलत नाहीत, वेळेवर न पोचणं त्यांना आपलाच गुन्हा वाटतो. पण दादा नंतर चहाच्या वेळी त्यांच्या शेजारी बसून ऐकून घ्यायचे. “गाड्या सगळ्यांच्याच उशिरा येतात,” ते मला म्हणाले, “आपल्यालाच वाटते की आपलंच दुःख आहे.”

मग त्यांनी नवा मसुदा लिहिला. त्यात एक तास नव्हता, धर्म नव्हता, परदेशी हा शब्द नव्हता. एकच कलम होतं, आणि ते ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हॉलची नोंद करताना कार्यालयाने कुटुंबाला विचारायचं: दुरून येणाऱ्या कुणाची वाट पाहायची आहे का? असेल, तर लगतची पुढची वेळ रिकामी ठेवायची आणि तिचं वेगळं शुल्क घ्यायचं नाही. बस. अंगणातल्या घोंगडीवर बसून आपली माणसं जे विचारतात, तेच त्यांनी जर्मन सरकारी भाषेत बसवलं होतं.

खरं भांडण यावरून झालं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात. तोवर अमोलचा अबोला सुटला होता. त्याने मसुदा वाचला आणि तो भडकला. “यात आपण कुठे आहोत? वैभव आपला होता. त्याच्यासाठी सुरू केलंत ना हे? निदान ‘स्थलांतरित’ एवढा शब्द तरी ठेवा. उद्या कुणाला कळणारसुद्धा नाही की हे आपल्यामुळे झालं.”

दादांनी मसुदा त्याच्या हातून परत घेतला. मग म्हणाले, “अमोल, नियमात आपलं नाव लिहिलं की आपण पाहुणे होतो. आज दिलं, उद्या काढून घेतलं. सगळ्यांसाठी लिहिलं की मग काढून घ्यायला त्यांना स्वतःचंही काढावं लागते.” पुढे म्हणाले, “आमच्या घराला गावात नेहमी वेगळं लिहिलेलं मिळत आलं, बाबा. वेगळी विहीर, वेगळी पंगत. मला वेगळं काही नको.” मी उठून चहा ठेवला.

ते कलम मंजूर व्हायला पुढची जवळपास सगळी मुदत गेली. दोनदा समितीने परत पाठवलं. शनिवार वगळा म्हणाले, दादांनी वगळला. नोंद करतानाच सांगितलं असेल तरच, म्हणाले; दादा म्हणाले, ठीक. क्लाइनसाहेबांना ‘वाट पाहणे’ हा शब्द कायद्यात विचित्र वाटत होता; त्यांना तो घरगुती वाटायचा. दादांनी सगळं सोडलं, तो शब्द सोडला नाही. मतदानाच्या दिवशी क्लाइनसाहेबांचा हात खांद्यापर्यंतच वर आला, पण आला. आणि त्यांच्यामागे त्यांच्या गटाचे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला, अग्निशमन दलाच्या गॅरेजचं छप्पर. त्या दिवशी वहिनींनी वडा-भात केला होता. दादा दोनदा वाढून घेत म्हणाले, “झालं बा एकदाचं.” भांडी त्यांनीच घासली.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्यांचा गटच आटला होता. मला वाईट वाटलं, त्यांना फारसं नसावं. ते पुन्हा टेबल टेनिसला जायला लागले आणि पुन्हा हरायला लागले. गावाच्या वेबसाइटवर कुणी त्यांचं नाव शोधलं तर एकच ठराव सापडतो, तो पहिला, फेटाळलेला. मंजूर झालेल्या कलमावर समितीचं नाव आहे, कारण परत पाठवलेले मसुदे शेवटी समितीच मांडते. मी एकदा चिडून म्हटलं होतं, दादा, निदान दुरुस्ती करायला सांगा. त्यांनी विचारलं, “सभासदाचं नाव पाहिजे, हे कुठं लिहिलं आहे?”

...आणि मग मैत्रीचा तो फोन. दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या कार्यालयात मीच फोन केला, कारण वहिनी बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या आणि मैत्रीला हॉलचं नाव काढलं की रडू येत होतं. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाजावरून नुकतीच कामाला लागलेली. मृताचं नाव, जन्मतारीख, पत्ता. रामटेके हे नाव तिने अक्षर-अक्षर विचारून लिहून घेतलं. तिला ते नवीन होतं. मग, कागदावरचं वाचावं तशा सुरात, तिने विचारलं, दुरून येणाऱ्या कुणाची वाट पाहायची आहे का?

“हालो? आपण आहात ना?” ती म्हणाली. “हो, हो,” असं म्हणून मी फोनवर हात ठेवला आणि वहिनींना मराठीत सांगितलं की ती मुलगी काय विचारते आहे. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते कलम त्यांना पाठ होतं. किती संध्याकाळी दादांनी ते त्यांना वाचून दाखवलं असेल. “मित्राताई येतील,” त्या म्हणाल्या. “व्हिसा मिळाला तर. सांग तिला, हो म्हणावं.”

मित्राताई म्हणजे दादांची धाकटी बहीण, संघमित्रा. भंडाऱ्याला शाळेत शिकवतात, देशाबाहेर कधी गेलेल्या नव्हत्या. व्हिसा मिळाला. अंत्यविधी होता त्याच सकाळी त्यांचं विमान फ्रँकफर्टला उतरायचं होतं, ते उशिरा उतरलं. अमोल त्यांना आणायला गेला होता. अकरा वाजता हॉल भरला. संस्थेतले सहकारी, अख्खा टेबल टेनिस क्लब, परिषदेची जुनी-नवी माणसं, हेर क्लाइन काळ्या सुटात. पेटीचं झाकण वहिनींनी उघडं ठेवायला सांगितलं होतं. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं, मैत्रीनेही म्हटलं, मैत्री दोन ओळी जर्मनमध्ये बोलली. सव्वाअकरा झाले. मग करायला काही उरलं नाही.

जर्मन माणसाला कार्यक्रमपत्रिकेशिवाय बसता येत नाही, अशी माझी समजूत होती, आणि मला धास्ती वाटत होती की आता लोक एकेक करून उठतील. साडेअकरा वाजले. कुणी खोकलं. क्लबातल्या एका आजींनी पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या आणि रांगेत पुढे दिल्या. मग क्लाइनसाहेब बसल्या जागेवरूनच म्हणाले की सुगतची टेबल टेनिसमधली सर्व्हिस त्यांनी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात वाईट सर्व्हिस होती. कुणीतरी हसलं. दुसऱ्या कुणी सांगितलं, हरल्यावर तो टेबल पुसून ठेवायचा. कुत्रेवाल्या आजींनी कराची गोष्ट सांगितली, आणि त्याने दार उघडलं नाही म्हणून आपण किती दिवस नाराज होतो, हेही. बोलणं असंच हळूहळू चालू राहिलं. मी वहिनींचा हात धरून बसले होते आणि मला एकदम जाणवलं की आपण अंगणात बसलो आहोत. त्या क्षणी मला दादांची जितकी आठवण आली तितकी आधी आली नव्हती. मी रडले, चांगली मोठ्याने रडले.

बाराला थोडा वेळ असताना दार उघडलं. मित्राताई अमोलच्या मागून आत आल्या, प्रवासात चुरगळलेली साडी, वरून अमोलचं जाकीट, हातात घरून आणलेली कापडी पिशवी. त्या सरळ पेटीपाशी गेल्या आणि “दादा, ऊठ ना रे, मी आली,” म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला तो त्या हॉलने कधी ऐकला नसेल. कुणी वळून एकमेकांकडे पाहिलं नाही. क्लाइनसाहेब उभे राहिले, त्यांचं पाहून सगळेच उभे राहिले, आणि ताईंचं रडणं संपेपर्यंत उभे होते. मग ताईंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच मागे वळून त्या अनोळखी लोकांकडे पाहिलं.

“वहिनी,” त्या हळूच म्हणाल्या, “एवढी माणसं बसून काहून राहिली? अजून झालं नव्हतं?”

“तुमची वाट पाहत होते सगळे.”

“माझी? मला तर इथं कोणी ओळखत बी नाही.”

वहिनींनी त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

“तुमच्या दादांनी सांगून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या.